टुंग वाजेपर्यंत

टक्.

भर दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मुग्धानं डोळे मिटलेलेच ठेवले. दोन कॉलच्या मधली ही काही मिनिटं तिची स्वतःची असत. त्यात ती झोपत नसे आणि जागीही नसे. भिंतीला पाठ लावून नुसती असे. लग्न होऊन सांगलीच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून घरातल्या एकेका डब्याचा आवाज तिला पाठ झाला होता. रव्याच्या डब्याचं झाकण सैल, ते आवाजच करत नाही. चहाचा डबा कुरकुरतो. टक् करून उघडतो तो एकच. गुळाचा.

आणि गूळ तर सासूबाईंना वर्ज्य होता. कित्येक वर्षांचा मधुमेह त्यांचा.

उठावं, असं तिला वाटलं. वाटून झाल्यावर तिनं फोनकडे पाहिलं. बॅटरी चौदा टक्के, आणि मिरजेच्या दवाखान्यातला पुढचा पेशंट रांगेत थांबलेला.

"आत्या," तिनं बसल्या जागेवरून सासूबाईंना हाक मारली, "जरा हात देता का?"

"आले की," आतून उत्तर आलं. तोंडात काहीतरी घोळवणाऱ्या माणसाचा आवाज.

मुग्धानं तो आवाजही ओळखला. आणि डावा हात मोकळा करून ठेवला.

हात देणं म्हणजे काय, हे काही वर्षांपूर्वी कुणालाही समजावून सांगावं लागलं असतं. तेव्हा माणसं फोन भिंतीला बांधून ठेवत आणि त्याच्या शेजारी स्वतःही बांधली जात. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, नको असलेली ॲप उडवा, रात्रभर चार्जिंगला लावू नका, ऐंशीच्या वर चढवू नका, विसाच्या खाली उतरू देऊ नका. आईबापाचं पथ्य पाळलं नसेल इतक्या निगुतीनं लोक बॅटरीचं पथ्य पाळत. मुग्धाच्या मावसभावानं तर गरम होतो म्हणून फोन फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवला होता. फोनही गेला आणि कोथिंबीरही.

मग टिकली आली. कंपनीनं तिला भलंमोठं नाव दिलं होतं. पण दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची ती रुपयाएवढी तांबूस चकती बघून बायकांनी तिला टिकली म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

त्यातलं विज्ञान ऐकायला सोपं होतं. आपण खातो त्या अन्नाची शेवटी साखर होते. ती पेशींमध्ये पोचते, तिथं ऑक्सिजनच्या मदतीनं फुटते, आणि फुटताना सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जिवावर आपण चालतो, बोलतो, चिडतो. शरीर म्हणजे जन्मभर मंद आचेवर पेटलेली चूलच. टिकलीच्या पोटाला केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू होते. ते कातडीच्या जरा खाली, पेशींच्या मधल्या द्रवात बुडून राहत. या तंतूंवर एन्झाइम बसवलेली होती. साखरेचा रेणू जवळून वाहत गेला की ती त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेत, आणि तंतूंवरून ते टिकलीत येऊन साठत. पुढे कातडीच तारेचं काम करी. तळहातात फोन धरला की तो भरायला लागे.

वीज अगदी बेताची. म्हणून आधी फोनांनाच काटकसर शिकवावी लागली. तेवढं झाल्यावर दिवसाचा सगळा खर्च एका पोळीवर आला. जाहिरातही तीच होती: 'एक पोळी फोनची.' गाईची पोळी काढतो तशी फोनची पोळी, असं लोक कौतुकानं म्हणत. बायकांनी मात्र ती वेगळी लाटली नाही. स्वतःच्याच ताटातली दिली.

दुसऱ्याच्या फोनला चार्ज द्यायचा, तर त्याचा हात आपल्या हातात धरून बसायचं. आपली वीज त्याच्या हातातून त्याच्या फोनमध्ये जाई. त्यालाच हात देणं म्हणत. लहान मुलांना टिकली लावायला बंदी होती. वाढत्या अंगातलं काही काढून घ्यायचं नाही म्हणून. त्यामुळे मुलांची घड्याळं मोठ्यांच्या हातावर भरत. बहुतेक घरांत 'मोठे' या शब्दाचा अर्थ आई असाच होता.

मुग्धाच्या टिकलीला ते झेपत नव्हतं. टिकली शहाणी होती. अंगात उरलंसुरलं असेल तेवढंच घ्यायची, नसेल तर गप्प बसायची. पाच वर्षांच्या यमूला भरवता भरवता उभ्यानं जेवणारी, पहाटे उठणारी आणि दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्याचं बोलणारी ही बाई; तिच्या अंगात उरणार काय? तिचा फोन कायम चाळिशीच्या खालीच रखडलेला असे.

आत्यांचा फोन मात्र टिकली लावल्या दिवसापासून शंभरावर.

शैलजाबाई त्यांचं नाव, पण मुग्धाच्या तोंडी आत्याच. सासरे गेल्यावर त्या खिडकीलगतच्या खोलीत राहू लागल्या. साखरेनं आधी डोळे अधू केले, मग पायांच्या तळव्यांची जाणीव नेली. बाहेर जाणं सुटलं. दारावरून कुणी गेलं की त्या विचारत, "कोण आहे गं?" जाणारा म्हणे, "आलो हं!" आणि येत नसे. कुणी वाईट नव्हतं. सगळे घाईत होते, एवढंच.

मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच टिकली लावावी, असं वेष्टणावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते शंतनूनं, मुग्धाच्या नवऱ्यानं, वाचलंही होतं. पण सगळ्यांना लागतेय तर आईला का नको, म्हणून दिवाळीत त्यांनाही लावली, आणि घरात नवलच झालं. रक्तात साखर जास्त, म्हणून टिकलीला खाद्य भरपूर. शिवाय त्यांच्या फोनला खर्चच नव्हता. कुणाचा यायचाच नाही.

"आई, तू तर आपल्या घरचा साखर कारखाना!" शंतनू हसत म्हणाला होता. तो जतच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायचा आणि शनिवारी घरी यायचा. आठवडाभर शेकडो घरांना वीज पुरवणारा हा माणूस घरी पाऊल टाकताच फोन घेऊन आईच्या हाताला चिकटे. वरच्या मजल्यावरच्या नंदाताई रोज सकाळी दारातून म्हणत, "शैलावहिनी, आमचं रोपटं सुकलंय, घाला बाई पाणी!" आणि खुर्ची ओढून, हात धरून, सगळ्या सोसायटीच्या उखाळ्यापाखाळ्या सांगत बसत.

यमूचं घड्याळ संध्याकाळी भरायचं. ती आज्जीच्या मांडीशी बसे, आज्जीच्या सुरकुतलेल्या मुठीत आपलं मनगट देई आणि म्हणे, "हं. मगर."

आत्यांच्या लहानपणी कृष्णेला पूर आला तेव्हा एक मगर त्यांच्या कौलावर चढली होती. गोष्ट एवढीच. पण दिवाळीपासून ती मगर कौलावरून उतरली नव्हती. कधी तिनं शेपटी हलवली, कधी तिला शिंक आली, कधी शेजारच्या आक्कांनी तिला भाकरी दाखवली. तेवढ्यात घड्याळ टुंग करी, भरलं म्हणून. यमू उडी मारून पळे.

"अगं, पुढचं ऐक की!"

"उद्या, आज्जी!"

आत्या काही क्षण रिकामी मूठ तशीच धरून बसत.

मुग्धाचं काम बोलण्याचं. ती मूळची अथणीची, मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या घरच्या भाषा. मिरजेच्या दवाखान्यात कर्नाटकातून पेशंट येत, आणि डॉक्टरचं त्यांना, त्यांचं डॉक्टरला ती फोनवरून सांगे. भाषांतराची यंत्रं तिथं होतीच, शब्दाला शब्द चोख द्यायची. पण खेड्यातली म्हातारी माणसं यंत्राला 'बरं' म्हणत आणि घरी जाऊन मनाचंच करत. यंत्राला ते 'बरं' खरं वाटे. म्हणून अजून माणसं ठेवली होती.

त्या दुपारी आत्या गुळाचं बोट पदराला पुसत आल्या, शेजारी टेकल्या आणि त्यांनी मुग्धाचा डावा हात हातात घेतला. त्यांचा तळवा ऊन ऊन होता. फोन मुग्धाच्या उजव्या हातात, स्पीकरवर. आकडा चढू लागला.

पलीकडे डॉक्टर मगदूम होते. मुग्धानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा घसा बसला की तिला कळायचं.

"साखर फार वाढलीय यांची. विचारा, गोळी रोज घेतात का."

मुग्धानं कानडीत विचारलं, "अव्वा, गोळी रोज घेता ना?"

"दिना, दिना," म्हातारी झटकन म्हणाली. रोज, रोज.

"रोज घेते म्हणतायत, डॉक्टर." मुग्धा जरा थांबली. "पण घेत नाहीत."

"कशावरून?"

"दोनदा म्हणाल्या. खरं घेणारं माणूस एकदाच सांगतं."

मगदूम हसले. मग म्हणाले, "बरोबर. सांगा त्यांना. आता तहान लागतेय, उद्या ग्लानी येईल, परवा शुद्ध जाईल. साखरेचं दुखणं ओरडत नाही म्हणावं. झोपल्यासारखं येतं."

मुग्धानं ते सगळं कानडीत सांगितलं, अव्वा, अव्वा करत, समजूत काढत. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या हातावरची आत्यांची पकड घट्ट झाली आहे. आत्यांना कानडी येत नव्हतं. पण डॉक्टरचं मराठी आणि मुग्धाचं मराठी त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

कॉल संपला. मुग्धानं मान न वळवता विचारलं, "आत्या, सकाळची गोळी घेतली ना?"

"घेतली गं, घेतली."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मुग्धानं फोनकडे पाहिलं. त्र्याहत्तर टक्के. इतक्या थोड्या वेळात एवढा चार्ज तिनं कधी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंतचे सगळे कॉल आता निघाले असते. यमूला बालवाडीतून आणायचं होतं, कणीक भिजवायची होती, पुढच्या पेशंटचं नाव स्क्रीनवर लुकलुकत होतं.

"थोडा वेळ अजून बसा हं," ती म्हणाली.

"बसते की. मला कुठं जायचंय?"

पुढच्या शनिवारी शंतनू आला होता. दिवेलागणीची वेळ. मुग्धा ओट्यापाशी होती. शंतनू दिवाणावर आडवा पडून छताकडे बघत होता. तोही आठवडाभराचा शिणलेला.

टुंग.

यमू पळत आली. "आई, बघ! आज घड्याळ पटकन भरलं! मी बसले आणि लग्गेच!"

"हो का? आज्जीला थँक्यू म्हण."

"म्हटलं. आज्जी झोपली. गोष्ट अर्धीच राहिली." यमूनं ओठ काढला. "मगर म्हणाली, मला पाणी द्या. सारखं तेच. पाणी द्या, पाणी द्या."

मुग्धाच्या हातातलं लाटणं थांबलं.

आत्या खुर्चीतच होत्या. मान कलंडलेली, ओठांना भेगा, जीभ कोरडी ठक्क. बाजूला रिकामा तांब्या. तिनं हाक मारली, हलवलं. आत्यांनी डोळे किलकिले केले, "चपला..." असं काहीतरी म्हणाल्या आणि परत मिटले. मांडीवर त्यांचा फोन पडला होता. शंभर टक्के. हिरवागार.

"शंतनू!" ती ओरडली. या घरात ती इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच ओरडली असेल.

मिरजेच्या दवाखान्यात यंत्रानं साखरेचा आकडासुद्धा दाखवला नाही. नुसतं 'मर्यादेबाहेर' म्हणालं. मध्ये बरेच तास गेले. सलाइनच्या बाटल्या बदलल्या, रात्र उलटली. सकाळी चष्मा पुसत एक बुटके, टकले गृहस्थ बाहेर आले आणि मुग्धा काही बोलायच्या आत म्हणाले, "तुम्ही मुग्धा ना? मघाशी नर्सशी बोलत होता, आवाजावरून ओळखलं. मी मगदूम. वाचल्या त्या. पण थोडक्यात."

शंतनू उठून उभा राहिला. "डॉक्टर, पण असं होईलच कसं? टिकली साखर खाते ना? आईच म्हणायची, आता गोळीला काय काम, टिकली खाते की सगळी साखर. मला वाटलं ती गमतीनं..."

"पूर आलाय आणि तुम्ही विहिरीतून तांब्याभर पाणी काढताय," मगदूम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "एका पोळीची साखर खाते हो ती. बाकीची रक्तातच राहते. आणि रक्तात जितकी जास्त, तितका चार्ज जास्त. मधुमेह्याचा फोन सारखा भरलेला दिसला, तर त्याला धोक्याचा कंदील समजायचं. तुम्ही त्याला दिवाळी समजलात."

शंतनूनं हातातला फोन खिशात टाकला.

"गोळ्या बरेच दिवस बंद आहेत त्यांच्या. टिकली काढलीय मी. परत लावायची नाही."

 त्र्याहत्तर, एवढा एक आकडा मुग्धाच्या डोक्यात फिरत होता.

दुपारी शंतनू यमूला नंदाताईंकडे सोडायला गेला. खोलीत दोघीच उरल्या. आत्या जाग्या होत्या. टिकली काढलेल्या जागी दंडावर पांढुरका गोल डाग पडला होता, त्याच्यावर त्या बोट फिरवत होत्या.

"का हो आत्या?" मुग्धानं विचारलं. एवढंच विचारायचं तिनं ठरवलं होतं, आणि एवढंच आलंही.

आत्यांनी सलाइनच्या थेंबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गोळी घेतली की चाळिसावर येतंय गं."

"आलं तर आलं. मग?"

"चाळिसाला कोण येऊन बसतंय?"

बाहेर वॉर्डात कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याचा खडखडाट झाला.

"शंभर असलं की दारात चपला दिसतात," आत्या म्हणाल्या. "नंदाच्या, शंत्याच्या, यमूच्या त्या चिमण्या लाल. मी आपली मोजत बसते. डोळ्याला नीट दिसत नाही, पण रंग कळतात." त्या जराशा हसल्या. "आणि तुझा हात. किती गार असतो गं तुझा हात! इतकी वर्षं एका घरात राहून मला ठाऊकच नव्हतं. कधी धरला असता, तर ठाऊक असणार ना."

मुग्धानं खुर्ची पुढे ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. त्या हातात आता काही येत-जात नव्हतं. नुसता हात होता.

"आत्या, मी बसेन तुमच्याजवळ. चार्ज असो नसो, रोज संध्याकाळी बसेन. नक्की बसेन."

आत्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या अधू डोळ्यांत मिश्किलपणा होता की आणखी काही, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"दोनदा म्हणालीस," आत्या म्हणाल्या.

मुग्धानं हात मात्र सोडला नाही.

"त्या दिवशी डॉक्टरला सांगत होतीस, ते ऐकलं मी. पोर हुशार आहे, म्हटलं. मग मला विचारलंस तेव्हा मीपण दोनदाच म्हणाले की. चुकून आलं तोंडातनं. म्हटलं, गेली आता चोरी पकडली." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "तू काही बोलली नाहीस. मीच मनात म्हटलं, जाऊ दे. तिला पण लागतंय."

घरी आणल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांनी नेटानं सांभाळलं. शंतनूनं रजा घेतली. माळ्यावरचे जुने वायरचे चार्जर काढून त्यानं भिंतीला लावले, आणि घरात कितीतरी वर्षांनी पुन्हा वायरी लोंबू लागल्या. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला. मुग्धा रोज सकाळी विचारी, "आत्या, गोळी?" आणि आत्या म्हणत, "घेतली." एकदाच. तो एकुलता शब्द ऐकला की मुग्धाचा जीव भांड्यात पडे.

पहिल्या संध्याकाळी ती खरंच जाऊन बसली. बोलायचं काय ते दोघींनाही सुचेना. हात हातात होता. आत्यांनी काहीतरी पुराचं सांगायला सुरुवात केली आणि मुग्धाला जाग आली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, अंगावर त्यांची शाल होती, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला बांधलेला फोन वाजून वाजून थकला होता. चुकलेल्या कॉलपायी दवाखान्यातून बोलणी बसली.

"मला उठवायचं नाही का हो?"

"किती छान झोपली होतीस," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती थोडाच वेळ बसली. तिसऱ्या दिवशी कणीक भिजवून जाणार होती. शंतनू जतला परतला. पवनचक्की बंद पडली म्हणून शनिवारी आला नाही. नंदाताई दारातून डोकावून "बऱ्या आहात ना वहिनी?" म्हणून गेल्या, खुर्ची ओढायचं काही कारणच उरलं नव्हतं. यमूचं घड्याळ भिंतीवर भरत होतं, खिळ्याला टांगून. मुग्धाचा फोन दिवसभर वायरला आणि मुग्धा फोनला. भिंतीपासून खिडकीलगतच्या खोलीपर्यंत वायर पुरत नव्हती.

कुणी वाईट नव्हतं.

दारावरून कुणी गेलं की खोलीतून पुन्हा आवाज येऊ लागला, "कोण आहे गं?"

"आले हं, आत्या!"

मग एका सकाळी घाईत मुग्धानं विचारलं, "आत्या, गोळी घेतली?"

"घेतली गं, घेतली."

मुग्धा जागच्या जागी थांबली. हातातली यमूची वेणी अर्धी राहिली. आता टिकली नाही, शंभर नाही, कुणाला द्यायचं काही नाही. मग का? आणि तिला तो दवाखाना आठवला. खाटेजवळची खुर्ची. आत्या तिथं होत्या तेवढे दिवस ती खुर्ची एकदाही रिकामी राहिली नव्हती.

"आई, दुखतंय," यमू म्हणाली. मुग्धाच्या मुठीत तिचे केस घट्ट धरले गेले होते.

त्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं. संध्याकाळी काम लवकर संपवायचं, आपल्या हातानं गोळी द्यायची, पाणी द्यायचं, आणि बसायचं. पण सीमेपलीकडे कसला तरी अपघात झाला होता, मिरजेला एकामागून एक माणसं येत होती, आणि त्यांच्या नातेवाइकांना मुग्धाच्या तोंडून ऐकायचं होतं की आपलं माणूस आहे की नाही. असलं कुणी यंत्राकडून ऐकत नाही. संध्याकाळ झाली तरी ती भिंतीपाशीच होती, वायरच्या टोकाला, कानात डूल घालावेत तसा दवाखाना घालून. दोन कॉलच्या मध्ये तिनं डोळे मिटले.

टक्.

या वेळी आवाज वरून आला. फळीवरून. म्हणजे आत्या स्टुलावर चढल्या होत्या, तळव्यांना जाणीव नसलेल्या पायांनी.

ती अर्धी उठली. वायर ताणली गेली. स्क्रीनवर पुढचं नाव लुकलुकायला लागलं. स्वयंपाकघरातून स्टूल सरकल्याचा, मग सावकाश पावलांचा आवाज आला, आणि खिडकीलगतच्या खोलीतली खुर्ची कुरकुरली. आत्या नीट उतरून जाग्यावर पोचल्या होत्या. मुग्धा परत खाली बसली.

"यमू," तिनं हळूच हाक मारली. "सोन्या, आज्जीजवळ जाऊन बस जा. मी आलेच."

"घड्याळ तर भरलंय."

"असू दे. नुसतीच बस. मगर ऐक."

यमूला ते पटलं. लाल चपला दारात काढून ती आत गेली. मुग्धानं कॉल घेतला. पलीकडे एक बाई रडत होती, तिला रडू दिलं. कॉल संपेपर्यंत आतून आत्यांचा आवाज येत राहिला. आधी पुटपुटल्यासारखा, मग हळूहळू चढत गेलेला. मगरीला कौल टोचत होतं. आक्का शिडी आणायला गेल्या होत्या. यमू मध्येच खुदकन हसली. कितीतरी दिवसांत त्या खोलीतून असा आवाज आला नव्हता.

मग गोष्ट थांबली.

यमू दारात उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. मनगटावरचं घड्याळ तिनं कानाशी धरलं होतं. तिच्या मागं, खिडकीच्या उजेडात, आत्या खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या. मूठ अजून तशीच, मधे एक छोटं मनगट मावेल एवढी उघडी. त्याही ऐकत होत्या.

"आई," यमूनं विचारलं, "हे आता टुंग वाजणारच नाही ना? मग मी उठायचं कधी?"